हृदय बंद पडल्यावर जागेवर काय करायचं? सीपीआरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीपीआर म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून, गरज पडल्यास तोंडाने श्वास देऊन, रक्त फिरतं ठेवणं. तो शिकवून झाला की लोक थांबून प्रश्न विचारतात. घरी गेल्यावर ऐन वेळी नेमकं काय करायचं याची शंका येते आणि मग फोन, मेसेज सुरू होतात. पुन्हा पुन्हा येणारे ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. त्यातल्या बऱ्याच प्रश्नांमागे एकच घाई असते: माणसाला उचलायचं आणि दवाखाना गाठायचा. वेळ नसेल तर निदान प्रश्न २, ३ आणि ६ वाचा. हे वाचून माहिती मिळेल, पण हाताला सवय लागायला पुतळ्यावर सराव करावाच लागतो.

१. हार्ट अटॅक आणि कार्डियक अरेस्ट एकच ना?

नाही. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद होते. माणूस बहुधा शुद्धीवर असतो. छातीत दाबल्यासारखं होतंय, हात भरून आलाय असं सांगतो, घामाने डबडबतो, पण त्याचं हृदय चालू असतं. कार्डियक अरेस्टमध्ये हृदयाचं रक्त ढकलण्याचं कामच थांबतं. मेंदूला रक्त मिळत नाही, काही सेकंदांत शुद्ध जाते आणि माणूस कोसळतो. अटॅकमधून अरेस्ट होऊ शकतो. बुडणं, विजेचा धक्का, विषबाधा, खूप रक्त जाणं किंवा हृदयाचा जन्मजात दोष यांमुळेही होऊ शकतो. सीपीआर द्यायचा तो अरेस्टमध्ये. बोलत असलेल्या माणसाची छाती दाबायची नाही, त्याला बसवून १०८ ला फोन करायचा.

२. हृदय बंद पडलंय हे कसं ओळखायचं? मला तर नाडी सापडतच नाही.

नाडी शोधूच नका. घाबरलेल्या हातांना ती सापडत नाही, किंवा स्वतःच्याच बोटांतली धडधड त्याची वाटते. दोनच गोष्टी बघा. दोन्ही खांदे जोरात थोपटून मोठ्याने हाक मारा, प्रतिसाद येतो का? मग छातीकडे आणि पोटाकडे बघा, नेहमीसारखा श्वास चालू आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर हृदय बंद पडलंय असं धरून चाला. या तपासणीला दहा सेकंदांहून जास्त वेळ देऊ नका.

सगळ्यात जास्त फसगत आचक्यांमुळे होते. हृदय थांबल्यावरही कित्येकांचा जबडा पहिली काही मिनिटं हलतो, मधूनच घोरल्यासारखा किंवा घरघरत एखादा श्वास येतो. जमलेली माणसं म्हणतात, ‘आहे, श्वास आहे अजून,’ आणि हातावर हात ठेवून उभी राहतात. हा श्वास नव्हे. शुद्ध नाही आणि नुसते आचके आहेत, म्हणजे छाती दाबायला लगेच सुरुवात करायची. कधी कधी कोसळताच हातपाय झटक्यासारखे हलतात आणि लोकांना फिट आल्यासारखं वाटतं. ते थांबताच पुन्हा श्वास बघा.

३. छाती नेमकी कुठे, किती आणि कशी दाबायची?

माणूस जमिनीवर पाठीवर हवा. पलंगावर किंवा सोफ्यावर असेल तर खाली घ्या, नाहीतर दाब गादीतच जिरतो. शेजारी गुडघे टेका. छातीच्या मधोमध जे उभं हाड असतं, त्याच्या खालच्या अर्ध्या भागावर एका तळहाताचा मनगटाकडचा भाग ठेवा, त्यावर दुसरा हात. कोपरं ताठ, तुमचे खांदे बरोबर हातांच्या वर. जोर दंडांचा लावायचा नाही, कमरेतून पुढे झुकून अंगाचं वजन टाकायचं.

मोठ्या माणसाची छाती किमान ५ सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, पण ६ च्या पुढे नको. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन दाब. मोठ्याने मोजा, म्हणजे वेग टिकतो. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, कारण ती वर येते तेव्हाच हृदयात रक्त भरतं. थकवा आला की नकळत छातीवर रेलून राहायला होतं आणि हृदय रिकामंच राहतं. म्हणून दोघं असाल तर दर दोन मिनिटांनी अदलाबदल करा, दमला नसाल तरी.

मध्ये थांबू नका. पहिल्या काही दाबांनी रक्ताचा दाब हळूहळू चढतो, आणि हात उचलला की लगेच खाली येतो. ‘बघू, आला का श्वास’ म्हणून दर अर्ध्या मिनिटाला थांबलं तर प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

४. तोंडाने श्वास द्यायलाच हवा का? अनोळखी माणसाला द्यायची हिंमत होत नाही.

अचानक कोसळलेल्या मोठ्या माणसाला नुसती छाती दाबली तरी चालतं. त्याच्या रक्तात पहिल्या काही मिनिटांपुरता प्राणवायू शिल्लक असतो, तो मेंदूपर्यंत फिरवणारं कुणीतरी हवं. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेने २०१७ साली सामान्य नागरिकांसाठी जी पद्धत मांडली, ती याच कारणासाठी फक्त छाती दाबण्याची आहे. प्रशिक्षण घेतलेलं असेल आणि तयारी असेल तर ३० दाब आणि २ श्वास असा क्रम ठेवा.

लहान मुलं (प्रश्न १८) आणि बुडालेली माणसं (प्रश्न २०) याला अपवाद. तिथे श्वासच आधी संपलेला असतो.

५. आधी फोन करायचा की आधी सीपीआर?

दोन्ही एकदमच. फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवा, १०८ किंवा ११२ लावा आणि बोलता बोलता दाबायला सुरुवात करा. आसपास माणसं असतील तर ‘कुणीतरी फोन करा’ असं ओरडू नका, त्या कुणीतरीमध्ये कुणीच येत नाही. एकाकडे बोट दाखवून सांगा: ‘निळा शर्ट, तुम्ही १०८ लावा आणि मला येऊन सांगा.’ दुसऱ्याला रस्त्याच्या तोंडाशी उभं करा, तिसऱ्याला लिफ्ट अडवून धरायला सांगा. गाडी सोसायटीच्या फाटकात आली आणि इमारत शोधण्यात पाच मिनिटं गेली, हे नेहमी घडतं. रेल्वे स्टेशनवर असाल तर स्टेशन मास्तरांना कळवा, धावत्या गाडीत १३९ लावा.

६. त्यापेक्षा उचलून थेट हॉस्पिटलला नेलं तर वेळ नाही का वाचणार? हॉस्पिटल पाच मिनिटांवर आहे.

नाही. सगळ्यात जास्त जीव याच समजुतीपायी जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पाच मिनिटं हा गाडीचा वेळ झाला. त्याआधी चौघं गोळा करणं, जिन्यावरून खाली आणणं, किल्ली शोधणं, मागच्या सीटवर पाय दुमडून माणूस कोंबणं हे सगळं आहे. पुढे सिग्नल, मग कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचरची वाट. खरा हिशोब पंधरा-वीस मिनिटांचा होतो. मेंदूला रक्त मिळालं नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा सुरू होते. सीपीआर मिळाला नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. म्हणजे तुम्ही हॉस्पिटलला पोचता, पण ज्याला वाचवायचं त्याचा वेळ जिन्यातच संपलेला असतो.

आणि तिथे गेल्यावर डॉक्टर पहिल्यांदा काय करतात? छाती दाबतात. १९६० मध्ये अमेरिकेतल्या बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छाती न उघडता बाहेरून दाबून रक्त फिरवता येतं हे दाखवून दिलं. यासाठी फक्त दोन हात लागतात, असं त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. ते हात तुमच्याकडे आहेत. कारच्या सीटवर किंवा रिक्षात नीट दाब देता येत नाही. माणूस जिथे पडला तिथेच सुरुवात करा आणि मदत तुमच्याकडे येऊ द्या. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीबरोबर डॉक्टर असतो.

७. आमची वाडी आडवळणाला आहे. १०८ यायला पाऊण तास लागतो. मग?

इथे नियम तोच, फक्त पुढचा भाग बदलतो. पहिली मिनिटं जागेवरच. आळीपाळीने दाबायला तीन-चार माणसं उभी करा. तोवर बाकीच्यांनी वाहन बघावं, आणि तेही पिकअप किंवा टेम्पो, कारण त्याच्या हौद्यात माणूस आडवा झोपवता येतो आणि शेजारी गुडघे टेकून दाबता येतं. १०८ च्या माणसाला विचारून वाटेत कुठे गाठ पडेल ते ठरवा. चढवताना होणारा खंड जितका लहान तितका बरा. चालत्या गाडीत दाब नीट बसत नाहीत आणि दाबणाराही पडू शकतो, म्हणून चालकाला सावकाश चालवायला सांगा. दुसरा मार्ग नसेल तेव्हाच हे करायचं.

८. बरगड्या मोडल्या तर? आजोबा ऐंशीचे आहेत.

मोडू शकतात, वय झालेल्यांच्या तर बऱ्याचदा मोडतात. हाताखाली कडकन आवाज येतो तेव्हा काळजाचा ठोका चुकतो आणि हात आपोआप हलका पडतो. हात योग्य जागी आहेत ना एवढं बघा आणि तितक्याच जोराने चालू ठेवा. बरगडी काही आठवड्यांत जुळते.

९. नुसती चक्कर आली असेल आणि मी छाती दाबली तर मारून टाकीन का मी त्याला?

नाही. चालू हृदयावर काही दाब पडले म्हणून गंभीर इजा होणं दुर्मीळ आहे. छाती दुखेल, क्वचित बरगडीला तडा जाईल. आणि हृदय चालू असलेला माणूस बहुतेक वेळा दोन-चार दाबांतच कण्हतो, हात ढकलतो. मग थांबा. शुद्ध नाही पण श्वास नेहमीसारखा चालू आहे, अशा माणसाला कुशीवर वळवा आणि श्वासावर लक्ष ठेवा.

१०. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायची ना? आमच्याकडे कांदा फोडून नाकाला लावतात, थोडं पाणी पाजतात.

बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी, साखर, गोळी, काहीच नाही. गिळण्याची क्रिया बंद असते, घातलेलं सगळं श्वासनलिकेत जातं. रक्तच फिरत नसताना जिभेखालची गोळी कुठेही पोचत नाही. कांदा, चप्पल, हातात किल्ल्यांचा जुडगा यांनी हृदय सुरू होत नाही आणि हातची मिनिटं जातात.

माणूस शुद्धीवर आहे आणि अटॅकची शंका आहे, तेव्हा गोष्ट वेगळी. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, रक्तस्रावाचा त्रास नसेल तर १०८ च्या किंवा तुमच्या डॉक्टरांना विचारून ती चावून खायला देतात. सॉर्बिट्रेटने मात्र रक्तदाब झपकन उतरू शकतो. डॉक्टरांनी त्याच माणसाला लिहून दिलेली नसेल तर शेजाऱ्याच्या डबीतली देऊ नका.

११. एकटं असताना अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहायचं, हा मेसेज खरा आहे का?

खोटा आहे, कितीही डॉक्टरांची नावं खाली असली तरी. हृदय बंद पडलं की काही सेकंदांत शुद्ध जाते, खोकणार कोण? आणि खोकता येतंय म्हणजे हृदय चालू आहे, तो वेळ फोन करायचा आहे. १०८ लावा, दाराची कडी काढा, शेजाऱ्यांना हाक मारा, खाली बसा.

१२. किती वेळ करत राहायचं?

माणूस हालचाल करू लागेपर्यंत आणि नेहमीसारखा श्वास घेऊ लागेपर्यंत, किंवा ॲम्ब्युलन्सची माणसं हातात घेईपर्यंत, किंवा तुमचं अंग साफ गळेपर्यंत. जागा धोक्याची झाली तरीही थांबायचं. ‘दहा मिनिटं झाली, आता काय उपयोग’ असं स्वतःच ठरवू नका. श्वास आला तर कुशीवर वळवा, पण शेजारून हलू नका. हृदय पुन्हा बंद पडू शकतं.

१३. एईडी म्हणजे काय? डॉक्टर नसलेल्याने ते वापरलं तर चालतं?

चालतं, ते त्यासाठीच बनवलंय. बऱ्याच अरेस्टमध्ये सुरुवातीला हृदय पूर्ण थांबलेलं नसतं, नुसतं थरथरत असतं. ती थरथर विजेच्या झटक्याने मोडली तर हृदयाला आपली लय परत सापडू शकते. एईडी ही लहान पेटी असते, झाकण उघडून सुरू केली की बोलून सूचना देते. एक पट्टी उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली आणि दुसरी डाव्या काखेखाली बरगड्यांवर, दोन्ही उघड्या कातडीवर चिकटवायच्या. झटका द्यायचा की नाही हे यंत्रच ठरवतं, त्यामुळे चालू हृदयाला चुकून झटका बसण्याची भीती बाळगू नका. यंत्र सांगेल तेव्हा सगळ्यांनी हात काढायचे आणि झटका बसताच पुन्हा दाबायला लागायचं.

वेळेचा फरक किती पडतो हे लास वेगासच्या कॅसिनोंमध्ये दिसलं. तिथल्या सुरक्षारक्षकांना एईडी शिकवलं होतं. २००० साली छापून आलेल्या अभ्यासात, डोळ्यांदेखत कोसळलेल्या आणि हृदय थरथरत असलेल्या माणसांपैकी ज्यांना तीन मिनिटांच्या आत झटका मिळाला त्यांतले ७४ टक्के वाचले, उशीर झालेल्यांतले ४९ टक्के. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानात कोसळलेला डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्टियन एरिक्सन जागेवरचा सीपीआर आणि झटका यांमुळेच उठला आणि २०२४ च्या युरो स्पर्धेत त्याने गोलही केला. आपल्याकडे मोठे विमानतळ सोडले तर ही पेटी क्वचितच दिसते. सोसायटी, जिम, मंगल कार्यालय, नवरात्रात गरब्याची मैदानं, इथे ती असायला हवी. तुमच्या सर्वसाधारण सभेत हा विषय जरूर काढा.

१४. सिनेमात सरळ रेघ आली की झटका देतात. तसंच ना?

सरळ रेघेला झटका देत नाहीत. ती थरथर नसते, विद्युत हालचालच नसते. तिथे छाती दाबणं आणि औषधं. एईडी ‘झटका नको’ म्हणालं तर माणूस बरा झाला असं समजून थांबू नका. शुद्ध नसेल आणि श्वास नसेल तर दाबत राहा.

१५. पेसमेकर आहे, बायपास झालंय, छाती ओली आहे. मग?

छाती दाबण्यात काहीच बदल नाही. एईडीची पट्टी पेसमेकरच्या उंचवट्यावर नको, थोडी बाजूला लावा. घाम किंवा पाणी पुसून घ्या. माणूस पाण्यात असेल तर आधी बाहेर ओढा. औषधाची चिकटपट्टी असेल तर काढून ती जागा पुसा. छातीवर दाट केस असतील आणि पट्टी चिकटत नसेल तर पेटीतला रेझर वापरा.

१६. बाई कोसळली तर पुरुषाने हात लावायचा का? लोक काय म्हणतील याची भीती वाटते.

लावायचा. परदेशातल्या अभ्यासांत असं दिसलंय की सार्वजनिक जागी कोसळलेल्या बायकांना पुरुषांपेक्षा कमी वेळा सीपीआर मिळतो, आणि त्यामागचं एक कारण हा संकोच आहे. हात छातीच्या मधल्या हाडावर असतो. साडी किंवा कुर्ता न काढताही दाबता येतं. एईडीसाठी मात्र कातडी उघडी लागते, तेव्हा कपडा बाजूला करा किंवा कापा, आणि जमलेल्यांना ओढणी धरून आडोसा करायला सांगा. आसपास बायका असतील तर त्यांना मदतीला बोलवा, पण त्यांची वाट बघत थांबू नका.

१७. गरोदर बाईला सीपीआर देता येतो का? बाळाला धक्का बसेल ना?

द्यायलाच हवा. आईचं रक्त फिरलं तरच बाळाला मिळेल. हात नेहमीच्याच जागी. पोट बेंबीच्या वर आलं असेल तर गर्भाशयाच्या भाराने पाठीकडची मोठी शीर दबते. म्हणून दुसऱ्या कुणीतरी दोन्ही हातांनी पोट तिच्या डाव्या बाजूला सरकवून धरावं. एकटे असाल तर फक्त छाती दाबा. फोनवर ‘गरोदर आहे’ हे पहिल्याच वाक्यात सांगा.

१८. लहान मुलांना कसा द्यायचा?

मुलांचं हृदय बहुतेक वेळा श्वास कोंडल्यामुळे बंद पडतं, म्हणून इथे श्वास महत्त्वाचे. छातीच्या जाडीच्या एक तृतीयांश दाबायचं: वर्षाच्या आतल्या बाळाला साधारण ४ सेंटिमीटर, मोठ्या मुलांना ५. बाळाची छाती दोन्ही हातांनी वेढून अंगठ्यांनी दाबा, मोठ्या मुलाला एक किंवा दोन तळहात. एकटे असाल तर ३० ला २ श्वास. बाळाच्या नाक-तोंडावर मिळून तोंड ठेवा आणि छाती जराशी उचलेल एवढीच फुंकर घाला. फोन स्पीकरवर लागत नसेल तर आधी दोन मिनिटं सीपीआर द्या, मग फोनसाठी उठा.

१९. जेवताना घास अडकून कोसळला तर?

शुद्धीत असेपर्यंत पाठीवर खांद्यांच्या मधोमध पाच जोरदार थापा, मग मागून मिठी मारून बेंबीच्या वर पाच झटके, आलटून पालटून. बाळाला पोटावर झटके नाहीत, पाठीवर थापा आणि छातीवर दाब. शुद्ध गेली की जमिनीवर झोपवून सीपीआर. श्वास देण्यासाठी तोंड उघडाल तेव्हा घास दिसला तरच काढा, आंधळेपणाने बोट घालू नका.

२०. विहिरीतून काढलेल्या माणसाचं आधी पोटातलं पाणी काढायचं ना?

नाही. पोट दाबणं, खांद्यावर पालथं टाकून गरगर फिरवणं, दोन्ही बंद करा. त्याने पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जातं आणि मोलाची मिनिटं संपतात. पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, श्वास नसेल तर आधी २ श्वास द्या (युरोपात ५ शिकवतात) आणि मग ३० ला २. उलटी होईलच, तेव्हा एका कुशीवर वळवून तोंड पुसा आणि पुन्हा सुरू. पोहता येत नसेल तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, ओंडका, रिकामा कॅन टाका. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात दाखवाच.

२१. मोटरचा करंट लागला, किंवा वीज पडली. हात लावू का?

मोटरच्या करंटमध्ये आधी मेन स्विच बंद, मग हात. स्विच सापडत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने वायर दूर करा. उच्च दाबाची तार पडली असेल तर लाकूडही चालत नाही. लांब राहा आणि महावितरणला प्रवाह बंद करायला सांगा.

आकाशातली वीज पडलेल्या माणसात करंट शिल्लक नसतो, लगेच हात लावा. एका झाडाखाली चौघं पडले असतील तर इथे नेहमीचा क्रम उलटा होतो: कण्हणाऱ्यांना थोडं थांबू द्या, निपचित पडलेल्याकडे आधी जा. विजेने हृदय आणि श्वास एकदम थांबतात. हृदय कधी कधी आपोआप सुरूही होतं, पण श्वास परतायला वेळ लागतो. तेवढा वेळ श्वास दिला तर माणूस वाचू शकतो. ढग अजून गडगडत असतील तर आडोशाला नेऊन करा.

२२. फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी कोसळला तर?

छाती दाबा, पण तोंडाला तोंड लावू नका. कीटकनाशक तुमच्याही अंगात जाईल. भिजलेले कपडे काढा, हातांवर मोजे नाहीतर प्लास्टिकची पिशवी चढवा. औषधाचा डबा किंवा लेबल रुग्णासोबत पाठवा, त्यावरून उतारा ठरतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेले मृत्यू विदर्भ विसरलेला नाही.

२३. वाचला नाही तर पोलिसांचं लचांड मागे लागेल का?

रस्ते अपघातात मदत करणाऱ्याला २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचं आणि मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४अ चं (२०१९ ची दुरुस्ती) संरक्षण आहे. नाव सांगायची सक्ती नाही. घरात, मैदानात, लग्नात कोसळलेल्यासाठी हे कलम लागू होत नाही. तिथे भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे: संमती देण्याच्या स्थितीत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्‌हेतूने केलेली कृती गुन्हा ठरत नाही.

२४. आजी कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यात आहेत. तेव्हाही छाती दाबायची का?

हा प्रश्न विचारताना लोक ओशाळतात, पण तो विचारायलाच हवा. सीपीआर अचानक थांबलेल्या हृदयासाठी आहे. दीर्घ आजाराच्या शेवटी शरीर थकून थांबतं, तेव्हा छाती दाबल्याने आजार मागे फिरत नाही, हाल मात्र होतात. हे ऐन वेळी खोलीत उभं राहून ठरवू नका. आजी बोलू शकतात तोवर त्यांना विचारा, उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बसून बोला आणि ठरलेलं कागदावर घ्या. आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) २०२० मध्ये याबाबत डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेलं वैद्यकीय इच्छापत्र (शेवटच्या टप्प्यात कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद) २०२३ पासून दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडे किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडे साक्षांकित करता येतं. त्याची प्रत घरातल्या सगळ्यांना माहीत असलेल्या जागी ठेवा. रात्री सोबतीला राहणाऱ्या बाईंनाही ती दाखवून ठेवा.